चौतीस वर्षांची सर्दी

१२ फेब्रुवारी

चि. मुंगीस अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप हॉस्पिटलातल्या नर्सबाईंनी दिला. फोन भाऊबरोबर हॉस्पिटलात आहे. तो फोन इथं असता तरी मला काय उपयोग? चौतीस वर्षं पाळणाघर चालवून माझा डावा कान कामातून गेला आहे आणि उजवा त्याच वाटेवर आहे. पत्रच बरं. मी लिहीत असताना तुला मध्ये तोंड घालता येत नाही.

तुझा बाप बरा आहे असं डॉक्टर म्हणतात. बरा म्हणजे नाकाला नळी लावून पडला आहे, पण शुद्धीवर आहे. काल त्याने भिंतीवरच्या सूचनेतल्या शुद्धलेखनाच्या दोन चुका नर्सबाईंना खुणेनं दाखवल्या. जन्म प्रूफं तपासण्यात गेला, ऑक्सिजन लावला म्हणून काय माणूस बदलतो होय! हे ऐकलं आणि इतक्या दिवसांत मला पहिल्यांदा रडू आलं.

आता मुद्द्याचं. अठ्ठावीस जानेवारीला त्याला ताप चढला. आठ तारखेला गाडी येऊन त्याला घेऊन गेली. मधले अकरा दिवस मी त्याच्या वरच्या खोलीत होते. हॉस्पिटलात जागा नव्हती, नर्स मिळत नव्हती, शेजारपाजारचे जिन्याच्या तोंडाशीसुद्धा उभे राहत नव्हते. त्याला उठवणं, अंग पुसणं, चमच्यानं सूप पाजणं, पालथं झोपवून पाठ थोपटणं, सगळं मीच केलं. खोकायचा तो माझ्या तोंडावर. तिसऱ्या दिवशी मी माझीही बॅग भरून दाराशी ठेवली, म्हटलं आता आपला नंबर. मुंगे, मला साधी शिंकसुद्धा आली नाही. नाकात काडी घालून दोनदा तपासलं, दोन्हीदा काही निघालं नाही. वय सदुसष्ट, गुडघे गेलेले, साखर वाढलेली, आणि मी ठणठणीत. लोकांना सांगायचीही लाज वाटते.

कारण लोक काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. भाऊ एकटा वरच्या खोलीत राहणारा, दिवसातून वीस वेळा हात धुणारा, सर्दी झाली तर अपमान झाल्यासारखं तोंड करणारा माणूस. त्याच्याकडे हा नवा आजार येणार कुठून? खालून. खाली अठरा पोरं, छत्तीस नाकपुड्या, आणि त्यांच्या मधोमध मी. त्यांची नाकं पुसायची आणि वर जाऊन त्याला चहा द्यायचा. हात धुऊन द्यायची, पण द्यायची ना? समोरच्या शिंपीणबाई तोंडावर म्हणाल्या, "तुम्हीच नेलंत हो वर." त्यांच्यावर रागवायचं म्हटलं, पण रागच येईना.

तू असल्या गोष्टींच्या प्रयोगशाळेत काम करतेस म्हणून विचारते. स्वतः आजारी न पडता माणूस दुसऱ्याला आजार देऊ शकतो का? माझं मन राखायला जाऊ नकोस. उत्तर 'हो' असेल तर माझं ठरलं आहे. पाळणाघर बंद करायचं आणि भाऊ घरी यायच्या आत इथून निघायचं. माझ्या ग्रंथालयातल्या मैत्रिणीकडे मागची खोली रिकामी आहे. तुझी आई गेली तेव्हा मी त्याला माझ्या घरी आणलं ते सांभाळायला, मारायला नाही.

तुझी आत्या


१९ फेब्रुवारी

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार. पत्र मिळालं. बाबांजवळ मी असायला हवी होते. पण इथून कोणालाच सोडत नाहीत, गाड्याही बंद आहेत, आणि कामाचं तर विचारूच नकोस. पहाटे आत शिरते ती अंगावर दोन झगे, हातात दोन मोजे. दुपारी बाहेर येते तेव्हा बोटं मनुक्यासारखी झालेली असतात.

आमच्या डॉक्टरबाईंनी एक वेगळंच काम काढलं आहे. तळघरात द्रवरूप नायट्रोजनच्या टाक्या आहेत, त्यात वर्षानुवर्षांचं गोठवलेलं रक्त आहे. ते बाहेर काढून पुन्हा जागं करायचं आणि या नव्या विषाणूसमोर ठेवायचं, असं चाललंय. एक नळी जरा विचित्र वागते आहे.

त्यावरून एक प्रश्न. फालतू वाटेल, पण नीट आठवून उत्तर दे. आठ वर्षांपूर्वी मी नवीनच लागले होते आणि घरी येऊन तुझं रक्त काढलं होतं, आठवतं? मला शीर सापडत नव्हती आणि तू मलाच धीर देत होतीस. तेव्हा तू एका कागदावर सही केली होतीस. त्या दिवशी, किंवा त्याच्या आधी महिनाभरात, तुला सर्दी झाली होती का?

बॅग पुन्हा कपाटात ठेव. कुठेही जायचं नाही. बाबांची काळजी घेणारी तूच आहेस.

मुंगी


२३ फेब्रुवारी

चि. मुंगीस आशीर्वाद.

पकडलंस शेवटी. आठ वर्षं मला वाटत होतं की हे पचलं.

हो. सर्दी होती. चांगली दणदणीत होती. तू आलीस तेव्हा मी आधी मोरीत जाऊन नाक शिंकरून आले, तोंडावर पाणी मारलं आणि मग तुझ्यासमोर बसले. तू काय अवस्थेत होतीस ते तुला आठवत नसेल. वीस निरोगी माणसं हवी होती, महिनाभरात सर्दी-खोकला न झालेली. एकोणीस मिळाली होती आणि विसावं मिळत नव्हतं. दुसऱ्या दिवशी नळ्या नेऊन द्यायच्या होत्या, आणि तू पाटावर बसून रडत होतीस की पहिल्याच कामात तोंडघशी पडणार. मी म्हटलं, मला कुठे काय झालंय, घे माझं.

आणि खरं सांगू का, मी अगदीच खोटं बोलले असंही मला वाटलं नव्हतं. आमच्या धंद्यात ताप येत नाही तोवर त्याला सर्दी म्हणतच नाहीत. नुसतं नाक वाहतंय त्याला सर्दी धरलं, तर वर्षातले चार दिवसही पाळणाघर उघडायला नको. पोरांना तोच नियम, मला तोच. पण कागदावर जे लिहिलं होतं त्याचा अर्थ मला कळत होता. पुराव्यासाठी वही काढून पाहिली. माझ्या वहीत कोणाचं नाक कधीपासून वाहतंय हे रोज लिहिलेलं असतं, घरी न्यायला आलेल्या आयांना सांगायला. शेवटच्या रकान्यात माझं. त्या तारखेसमोर माझ्याच अक्षरात आहे: 'मलाही, चौथा दिवस.'

तुझी नळी विचित्र वागते ती माझीच, होय ना? माझ्यामुळे तुझ्या बाईंचं काम बिघडलं. तुझी नोकरी जाणार असेल तर मला आधी कळव, मी स्वतः पत्र लिहून चूक कबूल करीन.

आणि बाकीचंही कळलं. मी विचारलेल्या प्रश्नाचं तू उत्तरच दिलं नाहीस. म्हणजे माझ्या रक्तात तेव्हापासूनच काहीतरी घाण आहे, आणि ती मी घरभर वाटत फिरते. काल दोन पाळणे एका बाईंना देऊन टाकले. भाऊला अठरा मार्चला सोडणार आहेत. मी सतराला निघेन. त्याचं करायला एका आयाबाईंना विचारलं आहे.

आत्या


२७ फेब्रुवारी

आत्या,

नमस्कार-बिमस्कार नंतर. तू आधी खाली बस.

घाण नाही. अजिबात नाही! मी घाईघाईत अर्धवट लिहिलं आणि तू त्याचं काय करून बसलीस? पाळणे परत मागव.

आता ऐक. रक्तातल्या काही पांढऱ्या पेशींचं काम लक्षात ठेवण्याचं असतं. एकदा भेटलेला विषाणू पुन्हा आला तर त्या त्याला ओळखतात आणि लगेच कामाला लागतात. आम्ही करतो ते असं. नळी उणे एकशे नव्वद अंशांतून काढून कोमट पाण्यात धरायची, अगदी माणसाच्या अंगाइतकं कोमट. बर्फाचा खडा हळूहळू विरघळतो आणि आत आठ वर्षांपूर्वीच्या पेशी जाग्या होतात. मग एक प्लास्टिकची पाटी असते, शहाण्णव बारीक खळगे असलेली. त्या खळग्यांत पेशी सोडायच्या आणि वर नव्या विषाणूचे निर्जीव तुकडे टाकायचे. जी पेशी ओळखेल ती आपल्याखाली एक निळसर ठिपका सोडते. एक पेशी, एक ठिपका. दोन दिवसांनी भिंगाखाली मोजायचे.

तू ज्या विसांत होतीस ते सगळे 'सर्दी नाही' म्हणून निवडलेले. त्यांच्या खळग्यांत काही नसेल असं आम्ही धरून चाललो होतो. बहुतेकांच्यात नव्हतंच. दोघा-तिघांच्यात तुरळक होतं. विसाव्या नळीचा खळगा मी भिंगाखाली घेतला आणि मला वाटलं माझ्याच हातून काहीतरी सांडलं. तो ठिपक्यांनी भरून गेला होता.

डॉक्टरबाई म्हणाल्या, नळी खराब झाली असेल, टाकून दे. मी टाकली नाही. नळ्यांवर नावं नसतात, पण विसावा आकडा मी स्वतःच्या हातानं लिहिला होता, विसरेन कशी? पुन्हा केलं. तिसऱ्यांदा केलं. ज्या खळग्यांत विषाणूचा तुकडाच टाकला नव्हता ते स्वच्छ होते. ज्यात टाकला होता ते भरलेले. मग एका रांगेत साध्या सर्दीच्या विषाणूचे तुकडे टाकून पाहिले, त्यातही तसेच ठिपके! सर्दी करणारे विषाणू बरेच आहेत, त्यातले काही या नव्याचे चुलत भाऊ लागतात. त्यांचं वरचं आवरण वेगळं, पण आतलं यंत्र जवळजवळ तेच. तू पोरांना पाठमोरी असूनही नुसत्या पावलांवरून ओळखायचीस ना? तसंच काहीसं. अंगावरचे कपडे बदलले तरी चाल बदलत नाही.

आत्या, आठ वर्षांपूर्वीचं रक्त आहे ते. हा विषाणू तेव्हा कुठल्याच माणसाला शिवलेला नव्हता. आणि तुझ्या पेशी त्याला ओळखत होत्या. कोणाच्या मनातही नव्हतं तेव्हा. मी भिंगावरून डोळे काढले. मी मोजे काढून बाहेर जाऊन पायरीवर बसले आणि तुझं ते नेहमीचं फुगलेलं लाल नाक आठवून हसू आलं, आणि मग हसता हसता रडायलाच लागले.

तू त्या कागदावर खोटी सही केलीस म्हणून आम्हाला हे दिसलं. खरी केली असतीस तर तुझं रक्त घेतलंच नसतं. डॉक्टरबाईंना तुझ्याबद्दल सांगू का? तुझ्या परवानगीशिवाय मी तोंड उघडणार नाही. आणि ती वही मला हवी आहे, चौतीसच्या चौतीस वर्षांची.

तेव्हा आता उत्तर. बाबांना आजार तुझ्यामुळे झाला हे शक्यच नाही. तुझ्या अंगात त्याला थाराच नव्हता. मिटलं सगळं. घर सोडायचं नाव काढू नकोस.

तुझी मुंगी


५ मार्च

चि. मुंगीस अनेक, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. मग उजेडात जाऊन स्वतःच्या दंडाकडे पाहत बसले. जुना, सुरकुतलेला, लस टोचल्याचा व्रण असलेला दंड. रोज अंघोळीला पाहते. त्याच्या आत हे चाललं होतं आणि मला पत्ता नाही! मी पोरांना कविता शिकवत होते, बाटल्या उकळत होते, भाऊशी भांडत होते, आणि आत कोणीतरी एकेका पाहुण्याचा चेहरा ध्यानात ठेवत होतं. कोणी सांगितलं होतं त्यांना? मला तर कालच्या माणसाचं नाव आठवत नाही. बाईंना माझं नाव बेलाशक सांग. सहीचंही सांग.

वह्या काढल्या. सगळ्या पाठवते आहे, अकरा आहेत, दोरीनं बांधल्या आहेत. पाठवण्याआधी दोन दिवस बसून माझा रकाना मोजला. दोनशे सात. नाकी नऊ आले असं आपण म्हणतो, मला दोनशे सात आले. प्रत्येकीसमोर कोणाकडून आली तेही आहे, कारण ज्याच्याकडून आली त्याला मी दुसऱ्या दिवशी टोमणा मारायची. गोट्या, टिंबू, ती मोठ्या कानाची, जुळ्यांतला रडका. गोट्या आता ट्रक चालवतो. मोठ्या कानाचीला स्वतःची दोन मुलं आहेत, त्यांनीही मला तीन सर्द्या दिल्या. आणि मुंगे, एकोणीस तुझ्या आहेत. तुझी आई कामावर जायची तेव्हा चार वर्षं तू माझ्याकडे होतीस. माझ्या खांद्यावर झोपायचीस आणि उठल्यावर माझ्याच पदराला नाक पुसायचीस. भिंगाखाली पाहिलेस ते ठिपके, त्यातले काही तूच ठेवून गेलेली आहेस. हे मला सुचलं तेव्हा मी बराच वेळ उठले नाही.

आता दुसरं. तू बोलायला लागल्यापासून मी तुला ओळखते. काही लपवायचं असलं की तू खूप बोलतेस आणि शेवटी 'मिटलं' म्हणतेस. माझ्या रक्तानं त्या आजाराला हाकललं, असं तू लिहितेस. हाकललं म्हणजे तो दारापर्यंत आला होता ना? कोणाकडून आला? पोरांकडूनच. मी त्याला हाकलायच्या आत, एक दिवस म्हण, अर्धा दिवस म्हण, तेवढ्यात मी भाऊचा चहा वर नेला नसेल कशावरून? मी अडाणी असेन, पण एवढं मला कळतं. हॉस्पिटलवाल्यांनी परवा माझं रक्त तपासलं. म्हणाले, हा आजार होऊन गेल्याची खूण नाही. याचा अर्थ काय ते लिही. आणि या वेळी खरं लिही.

तुझं उत्तर येईपर्यंत माझा बेत तोच आहे. सतरा तारीख. मला आश्चर्य वाटतंय, आनंदही होतोय, आणि त्याच वेळी भाऊच्या रिकाम्या पलंगाकडे पाहवत नाही. अंगात एवढी मोठी करामत असून ती माझ्यापुरतीच राहिली. त्याचा त्याला काय उपयोग झाला?

आत्या


११ मार्च

ती. आत्यास साष्टांग नमस्कार.

मी खोटं लिहिलं. 'शक्यच नाही' असं लिहायला नको होतं. हे मी डॉक्टरबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "घराण्यातच आहे वाटतं, प्रेमापोटी चुकीचा कागद भरणं!" मग नीट समजावून सांगितलं. तसंच तुला सांगते.

तुझ्या रक्तात आजाराची खूण नाही याचे दोन अर्थ होतात. एक, तो तुझ्यापर्यंत पोचलाच नाही. अकरा दिवस तोंडावर खोकून घेतल्यावर हे पटत नाही. दुसरा, तो आला, आणि जुन्या पेशींनी त्याला बस्तान बसवू दिलं नाही. इतक्या लवकर हुसकावला की बाकीच्या शरीराला दखलही घ्यावी लागली नाही. असं झालं असावं असं आम्हाला वाटतं. अशा माणसाकडून दुसऱ्याला आजार जाण्याचा संभव कमी असतो. कमी. नाहीच, असं मला म्हणता येणार नाही. बाबांपर्यंत तो कोणी पोचवला हे कुठलीही नळी सांगू शकत नाही. मला माहीत नाही, आत्या. कोणालाच कधी कळणार नाही.

आणि सर्द्या झाल्या म्हणजे कवच मिळालं असंही समजू नकोस. इथल्या हॉस्पिटलात एक बालवाडीच्या बाई गेल्या. तुझ्याच वयाच्या, तुझ्यासारख्याच पोरांत आयुष्य काढलेल्या. त्यांना का नाही उपयोग झाला, ते आम्हाला ठाऊक नाही. म्हणून पोरं आली तर खिडक्या उघड्या, तोंडाला फडकं, आणि वर जाताना पुन्हा साबण. बाबांना आता निदान काही महिने या आजाराची फारशी भीती नाही, आणि तुझ्यापासून तर इतर कोणापेक्षाही कमी आहे. हे डॉक्टरबाईंचे शब्द, माझे नाहीत.

पण तुझा शेवटचा प्रश्न मी त्यांना जसाच्या तसा वाचून दाखवला, त्याचा त्याला काय उपयोग झाला, तो. त्यांनी मला विचारलं, "या अकरा दिवसांत त्यांच्याजवळ दुसरं कोण होतं?" मी म्हटलं, कोणी नाही. "त्या पडल्या असत्या तर?"

आत्या, तू हा विचार केलास का? तिसऱ्या दिवशी तू बॅग भरून ठेवलीस. चौथ्या दिवशी तू खरंच पडली असतीस तर? त्या घरात दोन माणसं तापात पडली असती, जिन्याखाली कोणी फिरकलं नसतं, आणि गाडी बोलवायला कोणी उरलं नसतं. त्याच्याजवळ बसून जे माणूस टिकू शकलं ते तू होतीस. तुला तसं करायला दोनशे सात सर्द्या लागल्या, चौतीस वर्षं लागली, आणि ते कशासाठी चाललंय हे ना तुला माहीत होतं, ना गोट्याला. मी रोज हे यंत्रांतून पाहते, तरी ही गोष्ट मनात आली की माझं काम थांबतं.

एवढंच खरं आहे. आता तुला जायचं असेल तर जा. मी अडवणार नाही.

तुझी मुंगी


२१ मार्च

चि. मुंगीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र सोळाला मिळालं. खरं लिहिलंस, बरं वाटलं. त्या बालवाडीच्या बाईंचं वाचून डोळे भरून आले. आणि तरीही सतराला सकाळी मी बॅग घेऊन निघाले. 'कमी' या शब्दावर माझं मन ठरेना. अकरा दिवसांचं तू लिहिलंस ते पटत होतं, पण ते होऊन गेलं होतं. पुढचं काय, असं वाटत होतं.

दार लावते आहे तोच हॉस्पिटलची गाडी दारात. एक दिवस आधी! त्यांना पलंग रिकामा हवा होता. आयाबाई दुसऱ्या दिवशी येणार होत्या. गाडीवाला एकटा, त्याला पुढे आणखी दोघांना सोडायचं होतं. त्यानं भाऊला जिन्याच्या कठड्याला धरून उभं केलं, औषधांची पिशवी पायाशी ठेवली आणि गेला. तुझा बाप अर्धा झाला आहे. कपडे खुंटीला टांगल्यासारखे दिसतात. मी पाच हात लांब उभी. तो बॅगेकडे पाहतोय, माझ्याकडे पाहतोय.

"कुठं चाललीस, ताई?"

मी सगळं एका दमात सांगून टाकलं. की मीच आणलं असेन, की मला जवळ राहायची भीती वाटते, की मुंगीनंही नक्की सांगता येत नाही असं लिहिलंय. तो ऐकत होता. आणि ऐकता ऐकता त्याचा गुडघा वाकला. मुंगे, मी बॅग कुठं टाकली मला आठवत नाही. त्याला धरलं. त्याचं सगळं वजन माझ्या डाव्या दंडावर आलं, आणि ते इतकं कमी होतं की मी हादरले.

मग आम्ही चढायला लागलो. दोन पायऱ्या, थांबा. दोन पायऱ्या, थांबा. नवव्या पायरीवर तो बसला. श्वास सापडल्यावर म्हणाला, "ताप चढायच्या आधीच्या आठवड्यात मी न्हाव्याकडे गेलो होतो. आणि छापखान्यात, जुन्या मंडळींना भेटायला. तासभर बसलो, दारं लावून. तुला सांगितलं नाही, तू ओरडली असतीस."

"मग तू आणलंस?"

"ठाऊक नाही. तुझ्या पोरांनीही आणलं असेल. हे तपासता येणार नाही, मूळ प्रतच हरवलीये." मग कठड्याला टेकून म्हणाला, "मला एक ठाऊक आहे. मी दर वेळी डोळे उघडायचो तेव्हा आधी तुझ्याकडे बघायचो. आज हिला ताप असणार. आज ही उठणार नाही. मला माझ्या तापाची एवढी भीती नव्हती. आणि तू रोज तशीच. चमचा घेऊन. मला वाटायचं, मी भ्रमात आहे, असं होत नसतं."

मग मी त्याला ते सांगितलं. विसावी नळी, निळे ठिपके, आठ वर्षांपूर्वीचं रक्त, वह्या, तुझ्या एकोणीस. आयुष्यभर लोकांच्या चुका काढलेला माणूस, एका शब्दाला अडला नाही. सगळं संपल्यावर त्यानं माझ्या मनगटावर हात ठेवला, नाडी बघावी तसा. तिथं, जिन्यात, मला पहिल्यांदा ते नुसतं कळलं नाही, जाणवलं. किती पोरं चढून आली होती त्या अकरा दिवसांत माझ्याबरोबर वर! ज्यांना बोलताही येत नव्हतं अशी पोरं. मी समजत होते, त्या खोलीत मी एकटी आहे.

"तू जाणार असशील तर मलाही परत हॉस्पिटलात सोड," तो म्हणाला. "तिथं निदान नर्स आहे."

मी म्हटलं, "जास्त बोलू नकोस, दम लागेल. ऊठ."

उरलेल्या आठ पायऱ्या आम्ही न थांबता चढलो. वर पोचल्यावर त्याला पलंगावर बसवलं आणि मग मी बसले. मी गेले नाही, मुंगे. जाणार नाही.

तुझी आत्या